पहाटेचा निरोप: मायन्यापासून मोबाइलपर्यंत



आज एका चुकीपासून सुरुवात करतो. तीन वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीला पहाटे पावणेपाचला मी उठलो. उटणं लावायच्या आधी पलंगावर बसूनच फोन हातात घेतला. पणतीचं चित्र, खाली ‘आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि त्याखाली माझं नाव. यादीत एकशे चाळीस माणसं होती. एक बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो. त्या एकशे चाळिसांतला एक निरोप नको तिथे गेला. कुठे गेला ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे: सणाच्या दिवशी कुणी, कुणाला, कधी आणि काय कळवायचं, याचे आपल्याकडे काही नियम होते की नाही? होते. आणि ते फार जुने आहेत.

मी राहतो जबलपूरला, विजय नगरात. अहिंसा चौक, पुढे कचनार सिटी, तिथली शहात्तर फुटी शंकराची मूर्ती. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची वस्ती. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना जबलपूर म्हटलं की भेडाघाट आठवतो. मला विचाराल तर हे निरोपांचं शहर आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि कलकत्त्याकडून येणारा असे दोन लोहमार्ग इथे जोडले गेले, आणि दोन्ही महानगरांमधली टपाल आमच्या स्टेशनातून जाऊ लागली. लष्कराच्या सिग्नल्स दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलंच. राइट टाउनमध्ये तारखात्याचा कारखाना आणि रिज रोडवर दूरसंचार प्रशिक्षणाची मोठी संस्था, जिला आता डॉ. आंबेडकरांचं नाव आहे. देशभरातले तारवाले आणि टेलिफोनवाले इथे शिकून गेले.

मराठी माणूस इथे त्याच्याही आधीचा. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आलं, १७९८ मध्ये नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे वकील, मास्तर, रेल्वेतले आणि तोफगाडीच्या कारखान्यातले मराठी लोक इकडे येत राहिले. घर इथे आणि गोतावळा नागपूर, पुणे, इंदूर, ग्वाल्हेरला. अशा माणसांचं सणावाराचं निम्मं आयुष्य निरोपावर चालतं.

आता मुळाकडे जाऊ. जुन्या मराठी पत्राचा पहिला शब्द लिहिण्याआधी लिहिणाऱ्याला समोरच्याच्या घरची खबर असावी लागे. वडील असतील तर ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’. धाकटा असेल तर ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. बरोबरीचा मानकरी असेल तर ‘राजमान्य राजेश्री’. हे मायने कसे लिहायचे याचे स्वतंत्र ग्रंथ होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितली जाणारी ‘मेस्तकं’ ही त्यांतली प्रसिद्ध. कारकुनाला ती पाठ असत. म्हणजे तयार मजकूर ही व्हॉट्सॲपची देणगी नाही. आपले पणजोबाही छापाचाच मजकूर लिहीत. फरक इतकाच की कुठला छाप कुणाला, हे त्यांना ठरवावं लागे.

एक मायना जरा कडू आहे, पण सांगायला हवा. बाईला पत्र लिहायचं तर ‘सौभाग्यवती’ किंवा ‘गंगाभागीरथी’. नवरा हयात आहे की नाही हे कळल्याशिवाय पत्राची पहिली ओळच लिहिता येत नसे. बाईची ओळख नवऱ्याच्या श्वासावर टांगणारी ही प्रथा गेली ते बरंच झालं. ती परत यावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण तिच्याबरोबर एक अट गेली. लिहिण्याआधी त्या घरात काय चाललंय ते जाणून घेण्याची अट.

सणाच्या शुभेच्छांचा आपला जुना नमुना म्हणजे संक्रांत. मराठेशाहीतल्या पत्रव्यवहारात संक्रांतीचे तीळ साखरेसह पत्रासोबत पाठवल्याचे उल्लेख येतात. मजा अशी की पाठवणारा नुसता पाठवून थांबत नाही. तीळ पावल्याचं उत्तर धाडावं, असंही तो लिहितो. हे तीळ साताऱ्याहून निघाले तर पोचायला कित्येक दिवस. संक्रांत कधीच उलटून गेलेली. उशिराची कुणाला फिकीर नव्हती. पोच आली नाही तर मात्र मन खट्टू होई, कारण पोच न येणं म्हणजे राग तरी, नाहीतर आजार, नाहीतर त्याहून वाईट काही.

आणि क्रम ठरलेला. संक्रांतीला धाकट्यानं थोरल्याच्या घरी जाऊन तिळगूळ द्यायचा-घ्यायचा. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन धाकटाच जाणार, पाया पडणार, थोरला आशीर्वाद देणार. मोबाइलनं हा क्रम मोडला. आता ज्याला आधी जाग येते तो आधी शुभेच्छा देतो. आणि म्हाताऱ्या माणसांना झोप कमी, त्यामुळे आजोबांचा निरोप नातवाच्या आधी येऊन पडलेला असतो! नातू दहाला उठतो आणि अंगठा दाखवतो. अंगठ्याच्या चित्रावरून किती घरांत रुसवेफुगवे झाले असतील, त्याची गणती नाही.

१ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. उघडं कार्ड, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावं. त्यामुळे खुणा तयार झाल्या. मंगल वार्तेच्या पत्राला कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट, वर ‘श्री’. अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ नाही आणि कार्डाचा कोपरा फाडलेला. असं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. अक्षर ओळखू न येणाऱ्या आजीलाही कोपरा पाहून कळे. मजकुराच्या आधी निरोपाची जात कळणं, ही केवढी सोय होती! आज फोन तोच ‘टिंग’ करतो. बारसं असो की बारावा.

मग तार. दारात तारवाला उभा राहिला की बायका आधी डोळ्यांना पदर लावत, पाकीट मग उघडलं जाई. तार म्हणजे मरण, हे समीकरण इतकं घट्ट की शुभेच्छांच्या तारेसाठी खात्याला नक्षीचा रंगीत कागद काढावा लागला. रंग दिसला की जीव भांड्यात पडे. या शुभेच्छांचे आकडे ठरलेले होते. १ म्हणजे दिवाळी. २ म्हणजे ईद. ३ म्हणजे बंगाल्यांची विजया. ४ नववर्ष, ५ वाढदिवस, ६ नव्या बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन, ८ सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा, ९ नाताळ. आपण फक्त आकडा आणि नाव द्यायचं. पलीकडचा कारकून पूर्ण वाक्य लिहून पाकिटात घालणार. लग्नघरी ८ ऐवजी ६ गेला तर काय होईल, यावर तेव्हा घरोघरी हसणं चाले.

यापेक्षा जास्त छापील मजकूर तो कुठला? आकड्याइतकी कोरडी शुभेच्छा दुसरी नाही. तरी लोक ती तार जपून ठेवत. माझ्या आईच्या पेटीत तिच्या लग्नातल्या तारा होत्या, सगळ्यांत तेच वाक्य. ती वाक्यं वाचत नसे. खालची नावं वाचायची. अमक्यानं पैसे मोजले, तारघरात रांगेत उभा राहिला, आपल्या लग्नाची तारीख लक्षात ठेवली. जीव मजकुरात नव्हता, त्या खटाटोपात होता. म्हणून ‘फॉरवर्ड केलेल्या शुभेच्छांत भावना नसतात’ ही तक्रार मला अर्धीच पटते. १४ जुलै २०१३ च्या रात्री तार बंद झाली, तेव्हा ते आकडेही गेले.

आता पहाटेकडे येऊ. पहाट आपल्याला परकी नाही. काकड आरती पहाटेची, भूपाळी पहाटेची, आणि मोरपिसांची टोपी घालून दारात येणारा वासुदेवही पहाटेचाच. पण दूरच्या माणसाशी पहाटे बोलण्याची सवय धर्मानं लावली नाही. ती लावली टेलिफोनच्या दरानं. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. नव्वदच्या दशकात रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंत चतुर्थांश दर असे. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे पीसीओ. रात्री अकराला तिथे गर्दी उसळे, म्हणून शहाणी माणसं पहाटे साडेपाचला जात. पाडव्याला पुण्याच्या आत्याला उठवायचं ते सहाच्या आत, कारण सहा वाजले की मीटर वेगानं पळू लागे. आत्याही रागावत नसे. तिलाही दर ठाऊक होते.

मोबाइलवरच्या निरोपाची जन्मकथा तर आपल्या विषयासाठीच घडल्यासारखी आहे. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विसला जगातला पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. म्हणजे पहिला एसएमएस सणाचा, तोही बावीस दिवस आधी पाठवलेला, आणि त्याला उत्तर आलं नाही. जार्विस काही उद्धट नव्हता. त्याच्या फोनवरून मजकूर पाठवायची सोयच नव्हती.

आपल्याकडे हे वेड आलं ते दोन हजार सालानंतर, स्वस्त एसएमएसच्या पॅकमधून. कंपन्यांनी लवकरच हिशेब केला: लोक सर्वांत जास्त निरोप सणाला पाठवतात, मग सणालाच सवलत बंद! याला ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. दिवाळीला आणि नववर्षाला पॅक असूनही प्रत्येक निरोपाचे पूर्ण पैसे कापले जात. मग लोकांनी आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवायला सुरुवात केली. ‘ॲडव्हान्समध्ये शुभ दीपावली’ हा जो विचित्र प्रकार आहे ना, तो पैसे वाचवण्यातून पसरला. आता निरोपाला पैसे पडत नाहीत, तरी ‘ॲडव्हान्स’ राहून गेला. जाहिरातींचा त्रास आवरायला ट्रायनं सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती दोनशे केली, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं वैयक्तिक निरोपांवरची ती मर्यादा रद्द केली. तोवर लोक व्हॉट्सॲपकडे वळू लागले होतेच.

तिथे चित्रं आली. उगवता सूर्य, दवाचा गुलाब, चहाचा कप, त्यावर सुविचार. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बातमी दिली की भारतीयांचे फोन का अडकतात याचा शोध घेताना गूगलच्या संशोधकांना ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांचे ढीग सापडले. जग आपल्यावर हसलं, आपणही हसलो. पण त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. अशा अफवा फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल असं बंधन आणलं. विचार न करता पुढे पाठवायची सवय गुलाबाच्या फुलावर लागते आणि मग ती फुलापुरती राहत नाही.

आता आमच्यासारख्या परप्रांतातल्या मराठी माणसाची खास अडचण ऐका. पहाट एक नसते. दिवाळीच्या सुमारास जबलपूरला मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी सूर्य उगवतो. हे क्षुल्लक झालं. खरा घोळ पंचांगाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशात पौर्णिमेला. म्हणून माझ्या शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि ‘सावन सोमवार’चे निरोप येऊ लागतात, तेव्हा पुण्यात आषाढच चालू असतो. पंधरवडा उलटला की आषाढी अमावास्येला ठाण्याचा मावसभाऊ गटारीचे विनोद धाडतो. आमच्याकडे त्या दिवशी हरियाली अमावस, भर सावनातला पुण्यदिवस. एकदा तो कोंबडीचा विनोद मी चुकून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. समोरचे शर्माजी आठवडाभर फक्त मान डोलावत होते.

नरक चतुर्दशीचंही तेच. मराठी घरात त्या पहाटे चारला दिवे लागलेले असतात. अभ्यंग, कारीट फोडणं, पहिल्या आंघोळीची घाई. पाचचा निरोप तिथे वेळेवरच पोचतो. इथल्या हिंदी घरात ती ‘छोटी दिवाली’ किंवा ‘रूप चौदस’. खरी धांदल दुसऱ्या दिवशीच्या लक्ष्मीपूजनाची, पहाटे सगळे गाढ झोपेत. आणि नोव्हेंबरात आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे लंडनमध्ये बरोबर मध्यरात्र, न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ. एकशे चाळीस माणसांची यादी असेल तर त्यांच्या वेळा निराळ्या, आणि त्या वेळी कोण कुठल्या अवस्थेत असेल हेही निराळं. हाताला फक्त एक बटण.

तर ती चूक.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून वडिलांचे एक जुने स्नेही राहत. काका म्हणायचो मी त्यांना. त्या वर्षी मी महिनाभर मुलीकडे पुण्याला होतो, दिवाळीच्या दोनच दिवस आधी परतलो. त्याच महिन्यात काका नागपूरला मुलाकडे गेले असताना वारले. बातमी आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आली होती. तो ग्रुप मी कधीच मुका करून ठेवला होता, कारण रोज पहाटे त्यावर चाळीस गुलाब येत. काकांच्या जाण्याची बातमी त्या गुलाबांखाली पडून राहिली. आणि मी पावणेपाचला काकांच्याच नंबरावर पणती पाठवली. ‘आपणास व आपल्या परिवारास.’

साडेनऊला त्याच नंबरावरून उत्तर आलं. काकूंनी लिहिलं होतं: ‘निरोप पावला. काका तीन आठवड्यांपूर्वी गेले. मी परवाच नागपूरहून परत आले. तुमच्याकडे फराळ झाला असेल तर थोडा घेऊन ये. यंदा आमच्याकडे काही केलं नाही.’

ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुःखाच्या घरी पहिला सण करत नाहीत, कढई चढवत नाहीत. पण नातलग, शेजारी त्या घरी फराळ नेऊन देतात. इथल्या हिंदी घरांत होळीला असंच करतात. आधी शोकाच्या घरी जायचं, कपाळाला चिमूटभर गुलाल लावायचा, मग आपला रंग. म्हणजे नियम असा कधीच नव्हता की दुःखाच्या घराला सणाला विसरा. नियम होता, तिथे आधी जा आणि पायी जा.

मी डबा घेऊन गेलो. काय बोलावं कळत नव्हतं. काकू म्हणाल्या, ‘बस. आधी हे बघ.’ काकांचा फोन त्यांनी चालू ठेवला होता, रोज चार्ज करत होत्या. त्यात त्या सकाळचे एकतीस निरोप. माझ्यासारखेच सगळे, पणत्या, लक्ष्मीची पावलं, एक हलणारं भुईनळं. ‘मला भरभर लिहिता येत नाही. तुला एकट्याला तेवढं लिहिलं, त्यातच अर्धा तास गेला. आता तू लिही, मी सांगते.’

आणि त्या सांगू लागल्या. पहिलं नाव काकांच्या थोरल्या मावसभावाचं, वय ऐंशीच्या पुढे. ‘त्यांना लिहायचं नाही. संध्याकाळी मुलाला घरात कोण आहे ते विचारून फोन करायला सांगते.’ दुसरा त्यांचा जुना विद्यार्थी. ‘त्याला लिही, सरांना तुझी आठवण होती.’ तिसरा कुणी विमा एजंट. ‘त्याला नुसतं पावलं म्हण.’ चौथ्या नावाशी त्या थोडा वेळ थांबल्या. त्याचं काकांशी भांडण होतं, सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्या पहाटे त्यानंही पणती पाठवली होती, बहुधा यादीतूनच. ‘याला नीट लिही,’ म्हणाल्या, ‘शेवटी नमस्कार घाल.’ एकतीस माणसांना एकतीस प्रकारचं उत्तर, दीड तास लागला. मध्ये आम्ही चकली खाल्ली, चहा घेतला.

निघताना मी म्हणालो, ‘काकू, चुकलं माझं. नंबर यादीतून काढतो.’

‘काढू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘पाठवत जा. फक्त आठनंतर पाठव, तोवर माझी पूजा चालू असते. आणि वर माझं नाव लिही.’